ओ देणारा किरायदार

१० मार्च १९४१, पूर्णा

अखेर घर मिळाले! पूर्णा जंक्शनात नोकरी मिळेल, पण घर मिळणार नाही, असे पार्सल ऑफिसातले सगळे सांगत होते. आठवडाभर धर्मशाळेतल्या ढेकणांना रक्त पाजल्यावर आज ईश्वरअप्पांच्या ओसरीवर माझे नशीब उघडले. अप्पा कापडाचे व्यापारी. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, बोलणे मोजके. स्वतः शेजारच्या गल्लीत राहतात आणि हे घर किरायाने देतात.

आम्ही चौघे उमेदवार होतो. नोकरी कायमची की हंगामी, पत्त्यांचा नाद आहे का, जामीन कोण राहील, सगळे विचारून झाले. मग अप्पा पाणी पिऊन येतो म्हणून आत गेले आणि आतूनच एकेकाला नावाने हाक मारू लागले. एक जण पान चघळत बसून राहिला. दुसऱ्याने नुसती मान वर केली. तिसरा म्हणाला, काय आहे? ‘भुजंगराव’ ऐकताच मी मात्र ‘ओ’ म्हणून उभाच राहिलो. हाकेला ओ न देणारा माणूस म्हणजे दगड, असे आई म्हणायची. अप्पांनी बाहेर येऊन किल्ली माझ्या हातात ठेवली. बाकीचे तिघे तोंडे पाडून निघून गेले.

पार्वतीला सातवा महिना लागला आहे. ती माहेरी, सोनपेठला आहे; बाळंतपण तिथेच होईल. मग मायलेकरांना इथे आणायचे. माजघराच्या आढ्याला पाळण्यासाठी कडी आहे, ती मी आजच ओढून पाहिली.

१४ मार्च

घर झकास आहे. रात्रपाळी असल्यामुळे दुपारी झोपतो. अप्पांच्या पत्नी मल्लम्मा रोज भाकरी-वरण पाठवतात, त्यामुळे सासुरवाडीलाच आल्यासारखे वाटते आहे.

आज भर दुपारी माजघरातून हाक आली. म्हाताऱ्या, थकलेल्या आवाजात माझे नाव. झोपेतच ओ दिली आणि उठून गेलो, तर कुणीच नव्हते. गल्लीतून कुणी हाक मारली असावी. पुन्हा झोपलो.

१९ मार्च

हाक आता रोज येते. कधी तो म्हातारा, कधी कुणी तरुण. मी सवयीने ओ देतो, मग स्वतःलाच हसतो. घसा मात्र बसला आहे. वैद्यबुवा म्हणाले, जागरणाची उष्णता, खडीसाखर खा. काल फलाटावर हमालाला ओरडून सांगत होतो, तर तो म्हणाला, बाबू, जरा मोठ्यानं बोला.

२४ मार्च

बाजारात वाण्याच्या दुकानी एक तरुण माप घालत होता. वाण्याने सांगितले, हा बन्सीधर, तुमच्याआधी त्याच घरात राहायचा. मोठा बोलघेवडा होता, तिथेच मुका झाला. मी त्याच्याशी बोलायला गेलो. त्याने तोंड उघडले, नुसती हवा आली. मग एकदम पुढे होऊन त्याने माझ्या तोंडावर तळवा दाबला आणि जोरजोराने मान हलवली.

त्याचे डोळे भरले होते. मला फार भीती वाटली.

२७ मार्च

मल्लम्मांना गाठले आणि उरल्यासुरल्या आवाजात खरे काय ते विचारले. त्यांनी पदर डोळ्यांना लावला. त्यांचे थोरले दीर सांबप्पा त्या माजघरात अंथरुणाला खिळून होते. दिवसभर एकेकाला हाक मारायचे. सगळे कंटाळले, ओ देईनासे झाले. एका दुपारी पाणी मागत मागत गेले. तेव्हापासून हाक थांबली नाही. जो ओ देतो त्याचा आवाज ती घेते, आणि पुढच्याला त्याच आवाजात बोलावते.

मी म्हणालो, मग घराला कुलूप का लावत नाही?

“घर रिकामं ठिवलं हुतं, बाबा. मग हाक आमच्याकडं आली. नातू लय गोड बोलायचा, त्यो मुका झाला. म्हून ओ देणारा मानूस बघून किरायदार ठिवतो.”

मला त्यांचा राग यायला हवा होता. त्यांच्या मांडीवर तो मुलगा बसला होता, नुसता बघत.

२९ मार्च

दुसरे घर शोधतो आहे. सध्या कुठे राहता, हा सगळ्यांचा पहिला प्रश्न. ऐकले की दार लावून घेतात. ईश्वरअप्पांचा किरायदार कुणालाच नको.

३० मार्च

ओ देणार नाही. कानात कापूस, तोंडात उपरण्याचा बोळा. हाक येतच राहिली. येतच राहिली. मग एकदम बंद.

२ एप्रिल

हाक नाही. काल नाही, आज नाही. पण माझा आवाज गेला तो गेलाच. ऑफिसात पाटीवर लिहून काम भागवतो.

मल्लम्मांकडे खुणेने विचारले. म्हणाल्या, आमच्याकडं न्हाई आली, बाबा.

मग कुठे गेली?

४ एप्रिल

पार्वती आली आहे. एकटी. गंगाखेडपर्यंत बैलगाडी, पुढे रेल्वे. असल्या उन्हात, या दिवसांत. दारात उभी, आणि हसते आहे.

म्हणाली, “लग्न झाल्यापासून तुमी कदी मला नावानं हाक मारली न्हाई. परवा दुपारी मारली. माझ्या कानांनी ऐकली. म्या ओ दिली अन् निघाले.”

तिचा आवाज बसलेला आहे. प्रवासाने, म्हणते.

मी हातवारे करतो – तिला वाटते मी चेष्टा करतो. लिहून दाखवावे तर तिला अक्षर येत नाही. हात धरून बाहेर ओढले. म्हणते, थांबा, पाठ लय दुखायलीय, जरा टेकते.

माजघरात टेकली.

दुपार

हाक आली. माझ्या आवाजात. माझ्या! पार्वती –

मी तिच्या तोंडावर हात दाबला. गच्च. तिचे ओठ माझ्या तळव्याखाली मिटलेले होते, हलले नाहीत, देवाशपथ हलले नाहीत –

तरी ओ आली. बारीक. खालून.

ती पोट धरून माझ्याकडे बघते आहे.

पुन्हा हाक. पुन्हा पोटातून ओ. आता आणखी बारीक –

मी तिला उचलून – दारापर्यंत – पुन्हा हाक – या खेपेला ओ आलीच नाही –