बाजूला काढलेला घास

३ तारीख, सोमवार

नव्या घरातला पहिला दिवस. दुसरा मजला, दोन खोल्या, स्वयंपाकघरात भरपूर उजेड. ओट्यालगत चौकोनी टेबल आणि समोरासमोर दोन खुर्च्या. मुलीचं घर दोन गल्ल्या पलीकडे. पुढच्या महिन्यात तिची नवी नोकरी सुरू होते, तेव्हा चार वर्षांच्या नातीला दिवसभर मी सांभाळणार, असं मी जाहीर करून टाकलं आहे. मुलीचं म्हणणं, आधी गुडघ्याचं ऑपरेशन, मग पोरगी. हाडांच्या डॉक्टरांचं म्हणणं, आधी वजन, मग ऑपरेशन. म्हणून ही वही. तोंडात गेलेलं सगळं इथे लिहायचं, अशी आहारतज्ज्ञ बाईंची सूचना. बाई माझ्या मुलीहून लहान, पण बोलणं मुद्देसूद. आवडल्या.

सकाळी: दोन पाव, लोणी, साखरेचा चहा. दुपारी: भात, डाळ, भात. दुसऱ्यांदा घेतला म्हणून दुसऱ्यांदा लिहिला. वहीशी लबाडी करायची तर वही कशाला?

५ तारीख, बुधवार

आहारबाईंनी एक नियम दिला. जेवायला सुरुवात करण्याआधी चौथा हिस्सा बाजूला काढायचा. शेवटी भूक उरली तर तो आहेच. बहुधा उरत नाही. आधीच काढल्यामुळे ते अन्न उष्टंही होत नाही, ही सोय मला विशेष पटली. वेगळ्या ताटलीत नीट वाढून समोरच्या जागेवर ठेवलं. शेजारी पाणी. चमचाही ठेवला, चमच्याशिवाय ताटली मला बघवत नाही. कुणाला तरी जेवायला बोलावल्यासारखं दिसत होतं. माझं मलाच हसू आलं.

८ तारीख, शनिवार

सकाळी फिरून येईपर्यंत समोरची ताटली रिकामी. खिडकी उघडी राहिली होती, म्हणजे मांजर. अन्न वाया गेलं नाही, एवढं बरं. वजन किलोभर उतरलं. मुलीला फोन केला. ती म्हणाली, तू डोळे वटारले असशील, काट्याची काय बिशाद!

१४ तारीख, शुक्रवार

आठवडाभर खिडकी बंद ठेवते आहे. ताटली रोज रिकामी. आज चमचा पुसून तिच्यात आडवा ठेवलेला होता. मांजर चमचा पुसत नाही.

शेजारी शिवणकाम करणाऱ्या बाई राहतात. त्यांच्याकडे या घराची किल्ली आहे का, असं सरळ विचारलं. त्यांना राग आला. मी काय तुमचं शिळं खाऊन जगते का, म्हणाल्या. बरोबर आहे त्यांचं. माफी मागितली.

दुपारी काहीच बाजूला काढलं नाही. पूर्ण ताट जेवले. उठले तेव्हा जेवलेच नसल्यासारखी भूक. पुन्हा वाढून घेतलं. तरीही.

१७ तारीख, सोमवार

काढत नाही म्हणजे नाही. दोन माणसांचं खाते आहे, सगळं इथे लिहिलेलं आहे, आणि वजन रोज उतरतं आहे. आहारबाई काटा बघून खूश झाल्या, मग त्यांनी वही दोनदा वाचली. तपासण्या करून घेतल्या. सगळ्या ठीक. शेवटी त्यांना समोरच्या ताटलीचं सांगितलं. हिस्सा पातेल्यात ठेवायचा होता, त्या म्हणाल्या. सगळे तसंच करतात. समोर वाढायला कुणी सांगितलं होतं?

कुणीच नाही.

१९ तारीख, बुधवार

घरात जेवायचं नाही असं ठरवून चौकातल्या खानावळीत गेले. वाढप्याने दोन ताटल्या मांडल्या. मी एकटी आहे म्हटलं. तो गोंधळला. तुमच्या सोबतच्या बाई हात धुवायला गेल्यात ना, असं म्हणाला.

न जेवता उठले.

२१ तारीख, शुक्रवार

पुन्हा हिस्सा काढते आहे. चौथा पुरत नाही. अर्धं ठेवलं. तेही पुरलं नाही — अंगठी बोटातून गळून मोरीत पडली.

ऑपरेशनची तारीख मिळाली. डॉक्टर म्हणाले, कमाल केलीत. मुलगीही खूश. रविवारी नातीला घेऊन जेवायला येते म्हणाली. नको म्हटलं. का, ते सांगता येईना. दोनच खुर्च्या आहेत म्हणाले. ती हसली. पोरगी काय, कुठेही बसेल.

२३ तारीख, रविवार

आल्या. दारातून परत पाठवणार होते, पण पोरगी सरळ आत धावली. मुलगी दही आणायला खाली गेली. मी ओट्याकडे वळले, तेवढ्यात नात समोरच्या खुर्चीवर चढायला लागली. आणि थांबली.

"आजी, या म्हणतात, माझ्या मांडीवर बस."

उचललं तिला. माझ्या खुर्चीवर बसवलं, ताट पुढे केलं. समोरच्या खुर्चीवर मी बसले. ती रिकामी ठेवायचीच नाही.

गार आहे. खाली मांडी लागते.

वही पुढ्यात ओढून लिहिते आहे. पोरगीला वाटतं, आजी हिशेब करते आहे. ती भाताचे घास घेते आहे. छान जेवते.

तिच्या ताटातला भात कडेला सरकतो आहे. तिने हात लावलेला नाही. चौथा हिस्सा, नीट, गोल — इकडे येतो आहे —

परत ढकलला. चमच्याने. पुन्हा येतो.

नाही. तिच्या ताटातलं नाही. ते तुझ्यासाठी काढलेलं नाही. मी काढलेलं तेवढंच तुझं —

जिन्यात पावलं. मुलगी आली. दार उघडायच्या आत —

आज वाढलेलं: मी. चौथा हिस्सा नाही, अर्धं नाही. सगळी. पण पोरगीच्या ताटाला हात लावणार नाहीस, हे आधी कबूल कर, मग