थोरलीने न लिहिलेलं पत्र

३ एप्रिल

चि. सौ. थोरलीस,
आईचे अ. आ., आणि भिंगरीकडून एक गोड पापी. वि. वि.

पहिला आला तो घड्याळवाला. भिंगरी बसमधून उतरून घरात पाय टाकते न टाकते तोच हा दारात हजर. नात आली म्हणे, बघायला आलो. बघायला कसला! मी चहा टाकला की त्याला भिंतीपलीकडून कळतं. त्याच्या मागोमाग कोपऱ्यावरच्या शिकवणीच्या बाई आल्या, दोन खुर्च्या घेऊन. दोन्हींची बैठक खचलेली. एकीवर म्हणे त्यांचा भाऊ बसला होता. भाऊ मी पाहिलेला नाही, पण खुर्ची पाहून अंदाज आला. म्हणजे बघ, पोरीला येऊन घटका झाली नाही तर घरात माणसं चार आणि बसण्याजोगी खुर्ची एक. खुर्च्या विणणारीच्या घरात हे असंच. बाकी सगळ्या भोकं पडलेल्या, रांगेत उभ्या.

आता तुझ्या पत्राचं. माझा चष्मा दुरुस्तीला पडलाय. त्याच्यावर बसले मी, दुसरं काय. लिहिताना अंदाजाने मोठी अक्षरं काढते, ते जमतं. पण तुझं ते मुंग्यांच्या रांगेसारखं अक्षर काही दिसत नाही. छापखान्यात दिवसभर लोकांच्या चुका शोधून तुझं अक्षरही मेलं बारीक झालंय. म्हणून तू भिंगरीबरोबर दिलेलं पत्र तिनेच मला वाचून दाखवलं. काय वाचते गं पोरगी! कुठे अडखळणं नाही, अडणं नाही. मध्ये एकदा थांबून खोकलीसुद्धा, अगदी बातम्या देणाऱ्या माणसासारखी.

ऐकून जीव सुखावला. घरमालकांच्या मांजरीने तुझ्या टेबलाखालच्या टोपलीत चार पिल्लं घातली आणि एकाचं नाव तू स्वल्पविराम ठेवलंस, कारण ते कुठेही मध्येच बसतं, यावर घड्याळवाला इतका हसला की चहा सांडला. भिंगरी दमलीय, सुट्टीभर तिला पुस्तकाला हात लावायला सांगू नकोस, असं तू लिहिलंस तेव्हा मात्र मी गारच झाले. तू! अंगात ताप असताना अंथरुणात पाढे म्हणणारी! असो, माणूस बदलतं. शेवटची ओळ तिने जरा हळू वाचली, की जेवायला बसलं की तिच्या रिकाम्या जागेकडे बघून तुला रडू येतं. अगं, नको रडूस. पोर मजेत आहे.

लोभ आहे तेवढा राहू दे, जमल्यास वर थोडा घाल.
तुझी आई

९ एप्रिल

ति. आईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र मुद्दाम बोटभर अक्षरांत लिहिते आहे. कृपा करून ते भिंगरीच्या हाती देऊ नकोस. दिसलं नाही तर घड्याळवाल्याचं भिंग माग, पण वाच तूच.

आई, कुठली मांजर? घरमालकांना मांजराचा केस दिसला तरी शिंका येतात. माझ्या टेबलाखाली टोपलीच नाही. तू लिहिलंस त्यातलं एक अक्षरही माझ्या पत्रात नव्हतं. मी लिहिलं होतं ते असं: तिच्याकडून रोज दोन पानं मोठ्याने वाचून घे, दहा ओळी शुद्धलेखन घे, टाळाटाळ केली तर खेळ बंद. आठ जूनला शाळा तिची पुन्हा वाचनाची परीक्षा घेणार आहे. त्यात नापास झाली तर पुन्हा तिसरीतच. आणि तसं झालं तर मी तिला शिस्तीच्या निवासी शाळेत घालणार आहे. फॉर्म आणून ठेवलाय, सही तेवढी बाकी.

मला दुष्ट म्हणू नकोस. तोंडी विचारलं तर फटाफट उत्तरं, गोष्ट एकदा ऐकली की पाठ. आणि कागद समोर आला की हिचं पोट दुखतं, हिला पाणी हवं असतं, पेन्सिलीचं टोक मोडलेलं असतं. एकच शब्द एका पानावर तीन तऱ्हांनी लिहिते. वर्गाच्या बाईंनी वहीवर 'आळशी' असा शेरा मारला. मी दिवसभर परक्यांच्या चुका लाल शाईने काढते आणि घरी येऊन पोटच्या पोरीच्या. आजवर वाटत होतं नुसता आळस आहे. आता खोटेपणाही आला, तोही माझ्या नावाने. यांच्याजवळ विषय काढला तर हे कुठली तरी लिफ्ट बंद पडलीय म्हणून निघून जातात. गावातल्या सगळ्या लिफ्ट आमच्या जेवणाच्या वेळीच कशा बंद पडतात देव जाणे.

तिला खडसावून विचार आणि काय ते कळव. राग माझ्यापुरता ठेव, लोभ दोघींवर असू दे.
तुझी थोरली

१६ एप्रिल

चि. सौ. थोरलीस,
आईचे अ. आ. आणि दोन धपाटे. वि. वि.

चष्मा आला. तुझी दोन्ही पत्रं मी माझ्या डोळ्यांनी वाचली. पहिल्याला सकाळपासून दुपार लागली, मध्ये वेत भिजत घातलेला तसाच राहिला. दुसरं लवकर झालं, रागाची अक्षरं मोठी असतात.

मी काही खडसावलं नाही. आईचं ऐकायचं असतं ते तू माझं, मी तुझं नव्हे. मी काय केलं, भिंगरीच्या हातात तुझं पहिलं पत्र पुन्हा दिलं आणि म्हटलं, वाच गं, मला परत ऐकायचंय. तिने वाचलं. तीच मांजर, तीच चार पिल्लं, तोच स्वल्पविराम, खोकली तीसुद्धा त्याच जागी. तेरा दिवसांनी, एक शब्द इकडचा तिकडे नाही! थोरले, तुला हे जमेल? मला तर काल काय शिजवलं तेही आठवत नाही. मग मी एका शब्दावर बोट ठेवलं आणि विचारलं, हा कोणता. पोरीचे कान लाल झाले. फ्रॉकची कड पिळत राहिली. मग म्हणाली, आजी, अक्षरं एकेकटी ओळखू येतात, पण तिसऱ्यापर्यंत पोचते तोवर पहिलं हातून सुटलेलं असतं. वर्गात सगळे हसतात म्हणून ती शेजारणीचं वाचन ऐकून धडे पाठ करते. तुझं पत्र कोणी आधी वाचलंच नव्हतं, मग पाठ कुठून करणार? म्हणून तिने तुला काय लिहावंसं वाटेल ते मनानेच रचलं. खरं सांगू का, तुला जे वाटावं असं तिला वाटतं, ते रचलं.

मी तिला जवळ घेतलं.

आता ऐक, हिला आळशी म्हणणाऱ्याने माझ्याकडे यावं. खुर्चीची बैठक सहा पदरी असते: दोन उभे, दोन आडवे, दोन तिरके. एक पदर वरचा खाली गेला की पुढची रांग बसत नाही. मला शिकायला दोन महिने लागले आणि बोटं सोलली ती वेगळीच. ही दोन दिवस शेजारी बसून नुसतं बघत होती. तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, आजी, मागच्या बाजूला चौथ्या भोकापाशी तुझं चुकलंय. उलटी करून बघते तर चुकलेलं! चाळीस वर्षांत माझी चूक काढणारी ही पहिली. त्यात ती तुझ्यावर गेलीय.

शिकवणीच्या बाई खुर्च्या न्यायला आल्या, तेव्हा त्यांची एक बैठक भिंगरी विणत होती. त्या तिथेच उकिडव्या बसून तिच्याशी तासभर गप्पा मारत राहिल्या. मला आताच कळलं, त्या शिकवतात ती मुलं अशीच, अक्षरांपाशी अडणारी. याला नाव आहे, डिस्लेक्सिया. विसरू नये म्हणून मी खडूने दाराच्या चौकटीवर लिहून ठेवलंय. हा आळस नाही, डोळ्यांचा दोष नाही, डोकं कमी असण्याचा तर संबंधच नाही. वाचायची वाट या मुलांना वेगळ्या रस्त्याने न्यावी लागते, हळू, आवाजाला अक्षर जोडत, हाताने गिरवत. शिकतात म्हणाल्या, नक्की शिकतात, वेळ जास्त लागतो. ओरडून मात्र कोणी शिकलेलं नाही. त्या पाच दिवस रोज सकाळी येऊन तिची नीट तपासणी करणार आहेत आणि शाळेसाठी कागद करून देणार आहेत.

आणखी एक त्यांनी विचारलं. हे बऱ्याचदा घरातच असतं, तुमच्यात कोणाला होतं का? मी म्हटलं, माझी शाळा दुसरीत सुटली ती लहान भावंडांपायी, अक्षरं काही माझ्या हातून सुटली नाहीत. पण मग मला आठवलं, जावईबापू इथे आले की बसचं वेळापत्रक नेहमी मलाच वाचायला सांगतात, चष्मा घरी राहिला म्हणून. थोरले, जरा विचार त्यांना, त्यांचा चष्मा कितीच्या नंबरचा आहे.

त्या फॉर्मवर सही करशील तर बघ. लोभ आहे, पण अटीवर आहे.
तुझी आई

२३ एप्रिल

ति. आईंस,
सा. न. वि. वि.

मी बोलतोय आणि तुमची मुलगी लिहितेय. एकही शब्द सुधारायचा नाही असं तिच्याकडून कबूल करून घेतलंय. छापखान्याची सवय आहे, तिला जड जाणार.

माझा चष्मा कुठल्याच नंबरचा नाही. मला चष्मा कधी नव्हताच.

(आई, इथे मी पेन खाली ठेवलं होतं.)

मला वाचता येतं, पण पंक्चर झालेली सायकल चढावर ढकलावी तसं. कामावर अडत नाही. लिफ्टची मोटर आवाजावरून कळते, वायरी रंगावरून. परीक्षा एका म्हाताऱ्या फोरमनने तोंडी घेतली म्हणून पास झालो, नाही तर आज तुमचा जावई झालो नसतो. रोज सकाळी मी पेपर उघडून बसतो, बातम्या आधी रेडिओवर ऐकलेल्या असतात. लग्नाला अकरा वर्षं झाली. हिला वाटायचं, मला पुस्तकांची आवड नाही. ही अक्षरांवर जगणारी बाई, हिला कुठल्या तोंडाने सांगणार?

भिंगरी कागदापुढे बसली की पोट माझंही दुखायचं. म्हणून मी बाहेर पडायचो. बोललो तर आम्ही बापलेक दोघंही एकदमच नापास होऊ, अशी भीती होती. पोरीला मी एकटं सोडलं, हे मला पक्कं कळतंय. तिला तुम्ही काही सांगू नका. मी येऊन स्वतः सांगेन, बापाचंही असंच आहे म्हणून.

तुमचा लोभ कमी झाला नसेल अशी आशा धरतो.
आपला जावई

खालचं माझं आहे, आई. फॉर्म फाडला. छापलेल्या पानावरचं एक टिंब माझ्या नजरेतून सुटत नाही, आणि माझ्याच घरातली, अक्षरांपाशी अडणारी दोन माणसं मला दिसली नाहीत. यांच्यावर चिडू की रडू ते ठरेना, शेवटी दोन्ही केलं. जेवताना रडू येतं ही ओळ मी लिहिली नव्हती. पण ती खोटी नाही. तिला कुठून कळली?

शाळेत मात्र काही सरळ नाही. मुख्याध्यापक म्हणतात, अहवाल आणा की काही आणा, परीक्षा ती परीक्षा, एकाला सूट दिली की सगळे मागतात. अहवाल झाला की मी पुन्हा जाईन. रविवारी आम्ही दोघं येतोच आहोत.

९ मे

चि. सौ. थोरलीस आणि जावईबापूंस,
दोघांना मिळून एकच मोठा आशीर्वाद, भांडू नका वाटून घेताना. वि. वि.

काय सांगू, कुठून सांगू! काल सकाळी मी ओल्या हातांनी वेताच्या पट्ट्या निवडतेय, तर दारात एक उंच गृहस्थ, हातात छत्री, पाठीमागे एक बारीकशी बाई. मला वाटलं खुर्ची दुरुस्तीला आणली असेल. निघाले तुमच्या शाळेचे मुख्याध्यापक आणि भिंगरीच्या वर्गाच्या बाई! दोन तास बसने आलेले. तू म्हणे चौथ्यांदा त्यांच्या खोलीत गेलीस आणि सांगितलंस की कागदावर विश्वास नसेल तर मुलीला स्वतः जाऊन बघा, नाहीतर मी उद्या पाचव्यांदा येते. मुख्याध्यापक म्हणाले, पाचव्यांदा नको म्हणून आलो. शाबास गं माझी वाघीण.

बसा म्हटलं तर गृहस्थ नेमके बिनबैठकीच्या चौकटीवर बसायला निघाले. भिंगरीने ओरडून वाचवलं, नाहीतर अर्धे खुर्चीत आणि अर्धे जमिनीवर. तेव्हापासून ते जरा नरमले. मी भिंगरीला पाठवून शिकवणीच्या बाईंना बोलावून घेतलं.

वर्गाच्या बाईंनी चौथीच्या पुस्तकातला धडा वाचून दाखवला, नदी समुद्राला मिळते त्याचा. भिंगरीने कधी न ऐकलेला. मुख्याध्यापकांनी अकरा प्रश्न विचारले, मी बोटांवर मोजले. अकराच्या अकरा बरोबर, आणि वर तिनेच त्यांना एक विचारला, की समुद्र खारट तर नदीचं तोंड कुठपर्यंत खारट. ते म्हणाले, बघून सांगतो.

मग ती स्वतः वाचायला बसली. ओळीखाली पुठ्ठ्याची पट्टी, बोट अक्षराखाली, एकेक आवाज तोंडाने जोडत. चार ओळी. घड्याळवाल्याने आपल्या घड्याळात पाहिलं, सहा मिनिटं लागली. (तो कधी आला मला कळलं नाही. चहा टाकला होता.) दुसऱ्या ओळीला ती अडली तेव्हा मुख्याध्यापक शब्द सांगायला गेले, तर वर्गाच्या बाईंनीच त्यांच्या बाहीला धरून थांबवलं. मोठ्या माणसाला गप्प बसायला किती त्रास होतो ते मी काल पाहिलं. शब्द तिचा तिने सोडवला. चौथी ओळ संपली आणि पोरीने वर पाहिलं. थोरले, जावईबापू, तुम्ही हवे होतात; बापाचंही असंच आहे हे त्या रविवारी कळल्यापासून ती अडली तरी लाजत नाही. ते खरं वाचन होतं. त्यात मनाचं काही नव्हतं.

वर्गाच्या बाईंनी पदर डोळ्यांना लावला. म्हणाल्या, मी हिला रोज उभी करून वाचायला लावत होते आणि मुलं हसत होती. भिंगरीला त्यांनी जवळ बोलावून सांगितलं की तो वहीतला शेरा त्यांचा चुकला. बाई रडतायत म्हटल्यावर भिंगरीच घाबरली आणि पाणी घेऊन आली.

तर आता ठरलं ते असं. आठ जूनची परीक्षा तोंडी होईल, प्रश्न तिला वाचून दाखवतील. काल विचारलेल्यावरून मुख्याध्यापकांना शंका उरलेली नाही, चौथीच्या हजेरीत तिचं नाव ते आताच घालतायत. वर्गात सगळ्यांपुढे वाचायला लावायचं नाही, लेखी कामाला वेळ जास्त, शुद्धलेखनाचे गुण कापायचे नाहीत. आणि आठवड्यातून दोनदा शाळेतच तिला या रीतीने शिकवायचं. पण शिकवणार कोण? तिथे कोणाला येत नाही. तेव्हा वर्गाच्या बाई म्हणाल्या, मी शिकते.

जाताना दारात त्या घुटमळल्या. बोटांवर मोजत होत्या. मला म्हणाल्या, आजी, माझ्या वर्गात अशी आणखी तीन आहेत. एकाला तर मी शेवटच्या बाकावर बसवलंय. मुख्याध्यापक छत्री उघडत होते, ऊन होतं म्हणून, ते तशीच अर्धी उघडून उभे राहिले.

मी तोवर खुर्च्या विणून ठेवते. भिंगरी म्हणते दोन तिच्या. लोभ वाढता ठेवा, आणि एकमेकांवरही.
तुमची आई

ता. क. ते दोघं पुन्हा येणार आहेत, त्या तिघांना आणि त्यांच्या आयांना घेऊन, शिकवणीच्या बाईंना दाखवायला. येत्या शुक्रवारी, पंधरा तारखेला, सकाळच्या पहिल्या बसने.