सवतीचा टाक

२ नोव्हेंबर १९५८, जयनगर
आज नव्या घरी आले. बेचाळिसाव्या वर्षी नवरी होऊन! बेळगावच्या शाळेतली नोकरी सोडली, आता माझी स्वतःची चूल, दारात संपिगेचं, म्हणजे सोनचाफ्याचं झाड. भीमसेनराव कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात. अबोल आहेत, पण स्टेशनवर माझी ट्रंक त्यांनीच उचलली. परसात जाळीच्या खोलीत एक मादी अजगर आहे, त्यांच्या पहिल्या पत्नीनं, अहल्याबाईंनी, पिल्लापासून वाढवलेली. मला हसूच आलं. सवत गेली, लेक ठेवून गेली.

५ नोव्हेंबर
नणंद कस्तुरक्का अहल्याबाईंची प्रतिमा कोरलेला चांदीचा टाक दोऱ्यात ओवून घेऊन आल्या. दुसरीनं पहिलीचा टाक गळ्यात बांधायचा, म्हणजे ती सुखानं नांदू देते. मी बी.ए. आहे, असलं मानत नाही, असं सांगितलं. हे पूर्ण खरं नाही. ती बाई मला माझ्या गळ्यात नको होती. बी.ए. झालेल्या बाईला सवत नसते होय गं, म्हणून अक्का हसल्या आणि टाक घेऊन परसाकडे गेल्या.

१६ नोव्हेंबर
आज हे भरभरून बोलले. अजगराबद्दल. तो भक्ष्यामागं धावत नाही, वाटेवर निश्चल पडून राहतो. जिभेनं वास घेतो, ओठांवरच्या खळग्यांनी अंधारातही ऊब ओळखतो. विष नाही. वेटोळं घालतो, पण हाडं मोडत नाही. भक्ष्यानं श्वास सोडला की तेवढंच आवळतो. मग डोक्याकडून गिळतो. सोडवायचं तर शेपटीकडून उलगडत यायचं. अहल्येला जमायचं, मलाही जमतं, असं म्हणताना त्यांचा हात त्या अजगराच्या पाठीवरून फिरत होता. माझ्याशी ते इतकं कधी बोलले नव्हते. मत्सर, तोही जनावराचा? हो. लिहूनच टाकते.

७ डिसेंबर
थंडी वाढली. ती खात नाही. जाळीत सोडलेली कोंबडी तिच्यासमोर दाणे टिपत हिंडते. हेही जेवत नाहीत. आज पाहिलं, जाळीच्या दाराच्या कडीला टाकाचा दोरा करकचून बांधलाय. कडी सैल आहे म्हणून, हे म्हणाले. अक्का म्हणाल्या, तू घेतला नाहीस, जिनं घेतला तिचा झाला.

९ डिसेंबर
दुपारी हे कॉलेजात असताना दोरा सोडला आणि टाक गळ्यात बांधला. श्रद्धेनं नव्हे. जागा माझी होती. कडीला दुसरं काही बांधलं का? बांधलं असावं.

१० डिसेंबर
खोली रिकामी. मागची सगळी झुडपं पालथी घातली. दार कुणी उघडलं, हे यांनी विचारलं नाही. माझ्या गळ्याकडे पाहत राहिले. मी खरंच विसरले, की मुद्दाम—

१२ डिसेंबर
ती बाहेर गेलेलीच नाही. बाहेर थंडी आहे. माझ्या गादीला ओलसर वास. टाक काढायला गेले, गाठ सुटेना. यांनी मला अहल्या म्हटलं. चूक सुधारली नाही.

१३ डिसेंबर, दुपार
टेबलाखालून आली. आधी पाय गार. मग गुडघे. आता छाती—
चावली नाही. नुसती वाट पाहते—
ओरडायचं तर श्वास सोडावा लागेल. हात मोकळा आहे, म्हणून लिहिते—
हे दारात आलेत. शेपटी त्यांच्या पायाशीच आहे. धावत नाहीत. निश्चल. हाक मारली, अहल्या—
तिला की मला? ओ दिली तर सोडवतील. एवढीच ओ—
नाही. माझं नाव वसुमती. वसु—