पर्नेलच्या पाठीवरचा भारा

प्रिय इडोनीताईस,

धाकट्या एव्हिसचा वाकून नमस्कार. देवाची कृपा आणि फादर गर्व्हास यांची लेखणी, दोन्ही आज मोकळी आहेत म्हणून हे पत्र त्यांच्या हातून. तुझे गुडघे कसे आहेत? दाजींची कंबर? आम्ही दोघी बऱ्या आहोत. दोघी म्हणजे मी आणि पर्नेल. (पत्रात गाईची खुशाली कशाला, असं फादरांनी आत्ताच विचारलं. त्यांच्या घरी बोलायला बहीण आहे. मला पर्नेल आहे.)

हॅमो गेला आणि नवऱ्याच्या वाट्याची वेठ माझ्याकडे आली, हे तुला माहीत आहेच. आठवड्यातले तीन दिवस जहागीरदारांच्या शेतावर. त्याची मी कुरकुर करत नाही. तेवढा वेळ चुलीजवळच्या त्याच्या रिकाम्या बाकाकडे बघावं लागत नाही. पण यंदा गवत कमी. कारभारी थर्स्टनने आधीच बजावून ठेवलं, की ज्याच्याकडे चारा नसेल त्याने हिवाळ्याच्या तोंडावर, संत मार्टिनच्या सणाला, जनावर कापावं आणि मिठात घालावं. पर्नेल गाभण आहे, ताई. घरातल्या मिठाच्या पिंपाकडे पाठ करून मी जेवायचे.

एकच आशा होती, शेवटच्या दिवशीच्या भाऱ्याची. ही रीत तुमच्या गावी असेल-नसेल (तुमचे जहागीरदार हात आखडून असतात म्हणे). कुरण कापून झालं की कापणाऱ्याने उभ्याने गवत कापायच्या आपल्या विळ्याच्या लांब दांड्यावर पेलेल तेवढं गवत उचलायचं आणि कुरणाच्या कडेच्या चरापलीकडे न्यायचं. नेलं ते त्याचं. वाटेत जमिनीला टेकलं की जहागीरदारांचं. म्हणून ईस्टरच्या आधीपासून मी परसात दांड्यावर ओली घोंगडी टांगून फेऱ्या मारत होते. शेजारणींना वाटलं, दुःखाने हिचं डोकं फिरलं. एकीने तर माझ्यासाठी मेणबत्ती लावली. मी तिचे आभार मानले आणि आणखी एक घोंगडी मागून घेतली.

तो दिवस आला. पहिला मान ओडो लोहाराने घेतला. त्याने झोपडीएवढा भारा उचलला, चार पावलं गेला, दांडा मोडला आणि माणूस गवताखाली दिसेनासा झाला. आतून त्याचं हसणं तेवढं ऐकू येत होतं. मग मी पुढे झाले, तर थर्स्टनने माझ्या दांड्यावर हात ठेवला. म्हणाला, "एव्हिस, हे बायकांचं काम नव्हे. रीत पुरुषांची आहे."

"वेठीला हाक मारताना विचारलं होतंत का, बाई आहेस की पुरुष?"

हे मीच बोलले, ताई. मलाच नंतर कळलं. बांधावर रीतीभातींचा निवाडा करणारे बारा म्हातारे बसले होते, ते एकमेकांकडे बघू लागले. त्यांतले सर्वांत थोरले गॉडविन आजोबा म्हणाले, "थर्स्टन, हात काढ. उन्हात किती वेळ बसवतोस आम्हाला."

मी उचललं. खांदे जळत होते, पण पाऊल नीट पडत होतं. चर पाच पावलांवर आला आणि लोक हसायला लागले. मला वाटलं, मला हसतायत. तर पर्नेल गायरान सोडून माझ्यामागे चालत होती आणि भाऱ्यातलं गवत ओढून खात होती, बाजारात निघालेल्या बाईसारखी निवांत. भारा एका बाजूला हलका झाला, फिरला, दांडा कडाडून मोडला, आणि सगळं गवत पडलं ते पर्नेलच्या पाठीवर. ती दचकली, चर ओलांडला आणि भाऱ्यासकट थेट घरी गेली.

बारा म्हाताऱ्यांनी जवाच्या बिअरचे दोन घडे संपवले. असं कधी घडल्याचं कुणालाच आठवेना. शेवटी ठरलं, की भारा जमिनीला टेकला नाही, तेव्हा तो एव्हिसचा. थर्स्टनचा चेहरा आंबट झाला. त्याने जहागीरदारांच्या कुरणात शिरल्याबद्दल पर्नेलला कोंडवाड्यात घातलं. मी रडणारच होते. तेवढ्यात गॉडविन आजोबांनी विचारलं, की कोंडलेल्या जनावराला वैरण कुणी घालायची? रीतीप्रमाणे, जहागीरदारांनी. मग मला गाय सोडवायची घाई राहिली नाही. रोज जाऊन तिच्या कपाळावर हात फिरवायचा आणि घरी यायचं. पाचव्या दिवशी थर्स्टन स्वतःच तिला दाराशी आणून म्हणाला, "ने बाई, ही माझ्या घोड्याच्या वाट्याचंही खाते."

ती जाड झाली आहे. भारा नाताळपर्यंत पुरेल, पुढे पेंढा आणि आयव्हीच्या वेलीची पानं आहेत. मिठाच्या पिंपात मी कोबी घातला. वासरू वसंतात होईल.

तुझी,
एव्हिस

ता. क. – पुढच्या वर्षी माझ्यासकट गावातल्या चार विधवा भारा उचलणार आहेत. परसापरसांत घोंगड्या टांगल्या आहेत. म्हणून दाजींच्या हातचे चिवट लाकडाचे पाच दांडे हवे आहेत.

ता. क. २ – पाचवा दाजींचाच. फक्त काटेरी झुडपं तोडायला म्हणून त्यांच्या वडिलांचा विळा मी नेला होता ना, मोडला तो त्याचाच दांडा. पत्राचा हा भाग दाजी घरात नसताना वाचून घे.

ता. क. ३ – फादर म्हणतात, तुमच्याकडेही पत्र पाद्रीच मोठ्याने वाचतात आणि दाजी समोरच बसलेले असतात. तर दाजी, नमस्कार. पातं शाबूत आहे. दांडे जरा लांब करा, आमच्यातली एक फार उंच आहे.