आंदणाची शेळी आणि माळावरची लांडगी

प्रिय अनिता,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. लहानपणी रुसलीस की आतून कडी लावायचीस आणि मी दाराच्या फटीतून बोलत राहायचो. तसंच समज.

परवा सकाळी लासुर्ण्याला आलो, तेव्हा तू रिकाम्या दाव्यापाशी बसली होतीस. लांडग्यानं नेली ती नुसती शेळी नव्हती, आईनं तुला लग्नात दिलेलं आंदण होतं. म्हातारी झाली, दूध आटलं, तरी तू तिला बाजार दाखवला नाहीस. आणि मी शहाणा, वनखात्याकडून भरपाई मिळेल म्हणालो! तू असं पाहिलंस की मी चहाचा कप तसाच खाली ठेवला. भरपाईत आईची शेळी मिळत नाही, हे मला कळायला हवं होतं.

मग मीही तापलो. काठी घेतली, माग काढत तुमचा ऊस ओलांडून वरच्या माळावर गेलो. ओघळीच्या काठाला बीळ दिसलं, म्हणून गवतात दबून बसलो. थोड्या वेळानं लांडगी आली. अगं, काय जनावर! वाळल्या गवताच्याच रंगाची, लांब पायांची, चालताना काडी वाजू न देणारी. बिळातून पिल्लं धडपडत निघाली आणि तिचं तोंड चाटायला लागली. तिनं पोटातलं सगळं त्यांच्यापुढं ओकून टाकलं. स्वतःच्या बरगड्या मोजून घ्याव्यात अशा, पण एक घास परत उचलला नाही. नर लांब टेकाडावर राखणीला बसलेला. तो घास कुणाचा होता, हे मला पक्कं माहीत होतं, अनिता. तुझी आठवण आली, आणि तरी माझी नजर हलेना. काठी तशीच मांडीवर राहिली.

कागदोपत्री तो माळ पडीक आहे. त्या पडीकावर चिंकारा चरतो, खोकड उंदीर वेचतं, चंडोल उडता उडता गातो. इकडं ऊस वाढला, तिकडं मुरूम उपसला, प्लॉट पडले; उरला तो एवढाच तुकडा. देशात आता वाघांपेक्षा लांडगे कमी उरलेत म्हणतात. वाघ बघायला लोक पैसे मोजून लांब जातात, आणि वाघाइतकाच कायद्यानं राखलेला हा प्राणी आपल्या बांधाला नांदतो. मला तर त्याचा अभिमानच वाटतो. हस तू, हसायचं तर.

काल युवराजदाजींचा तुझ्या वहिनीला, कौसल्याला, फोन आला होता. म्हणाले, "वैनी, दादाला सांगा, रविवारी पहार घिऊन जातो. बीळ बुजवतो नि वर धोंडं लावतो. अनिता जेवंना झालीया." कौसल्या नुसतं "व्हय, सांगते" म्हणाली आणि तडक गोठ्यात गेली.

दाजी माझं ऐकणार नाहीत. तुझं ऐकतील. म्हणून लिहितोय. पिल्लं आत आहेत, अनिता. पळायला लागली की ती त्यांना घेऊन आपोआप दुसरीकडं जाईल. तोवर बीळ उघडं राहू दे. रविवारी मी जाळी आणि लोखंडी खांब घेऊन येतोय. दाजींची पहार लागेलच, तुझ्या गोठ्याभोवती खड्डे घ्यायला. आणि आंदणाच्या शेळीचं पहिलं करडू, ती पाठ, तू माहेरी धाडली होतीस, आठवतं? तुझ्यामागं आईला करमत नव्हतं म्हणून. ती आपल्याकडं चांगली नांदली. तिचीच लेक, कपाळावर आजीसारखाच पांढरा टिळा असलेली, हे पत्र घेऊन येणाऱ्या कौसल्याच्या हातात आहे. आधी त्या दोघींना आत घे, मग जेव, आणि मग दाजींशी बोल.

तुझाच,
भीमादादा
कळंब