स्टेशनची पश्चिमेची भिंत

नागपूर, ४ मे २०२५

तीर्थस्वरूप सुशिलामावशीस,
रुचिचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू हो म्हणवून घेतेस, म्हणून पत्र. छोट्या लाईनच्या बंद स्टेशनात पाळणाघर काढायचा तुझ्या महिला गटाचा बेत चांगला आहे. पण इमारत मजबूत असल्याचा दाखला मी फोटो पाहून देणार नाही. हॉलच्या भिंतीवर तुम्ही रंगवलेली आगगाडी छान दिसते. तिच्यामागे काय आहे ते दिसत नाही. १७ तारखेला येते. तोवर रंगकाम थांबव.

राग नसावा, लोभ कमी करू नये.
रुचि

पांजरटोला, ९ मे

चि. रुचिस सुशिलामावशीचे अ. उ. आ.

ये, पण कागद घेऊनच ये. घरची इंजिनियर असून शिक्क्यासाठी रांग कायले, असं आमच्या गटातली धुरपता विचारून राहिली. मोठी लाईन आली, नवं स्टेशन तिकडे गेलं, तेव्हापासून इथं गावानं धानच भरलं. आता सरपंचांनी इमारत आम्हाला दिली, पण धानाच्या रोवणीपर्यंत पाळणाघर उघडलं तरच. नाही तर व्यापाऱ्याचं गोदाम होईल.

मागच्या रोवणीत चिखलात रोपं लावणाऱ्या शामकलाची लहानी पोरगी बांधावरून पाण्यानं भरलेल्या धानाच्या बांधीत पडली. मीच तिला बाहेर काढलं. वाचली. यंदा एकही लेकरू बांधावर बसणार नाही, हे मी ठरवून बसली आहे.

आईला फोन करत जा, ती माझ्यावर चिडते.
मावशी

नागपूर, १९ मे

ती. स्व. मावशीस शि. सा. न.

तुझ्या घरी बोलले नाही, कारण नंदलालकाका ताटावर बसले होते. हॉलची पश्चिमेची भिंत मधोमध बाहेर फुगली आहे. ओळंबा सोडून दोनदा पाहिलं. पोत्यांची थप्पी आपल्या वजनावर उभी राहते; सुटं धान भिंतीला ढकलतं. बियाण्याचं धान पोत्यात गुदमरतं म्हणून काकांनी आणि गावानं ते वर्षानुवर्षं खिडकीपर्यंत सुटंच ओतलं. तडा गेला तेव्हा सिमेंट भरलं, त्यावर यंदा आगगाडी आली. काका म्हणाले होते, इंग्रजांची भिंत आहे, तिला काय होतं. इंग्रजांनी ती माणसं बसायला बांधली होती.

तिकिटाच्या खोलीचा दाखला देते. हॉलचा देणार नाही.

तुझीच, तरीही,
रुचि

पांजरटोला, २५ मे

चि. रुचिस अ. आ.

तिकिटाच्या खोलीत लेकरं बसवून पाहिली. मावत नाहीत, एकमेकांचे केस ओढून राहिली. काका दोन दिवस रुसले, मग स्वतः ओळंबा सोडून आले आणि त्या रात्री जेवले नाहीत. शामकला म्हणते, जिथं तुमची भाची सही करत नाही तिथं मी पोरगी काऊन ठेवू. तिचं बरोबर आहे.

मी तुला सही मागत नाही. काय केलं की करशील, ते लिही. माणसं आहेत, बैलबंडी आहे. मे संपून राहिला.

वाट पाहते.
मावशी

नागपूर, ३० मे

ती. स्व. मावशीस शि. सा. न.

भिंत पाडायची. त्याआधी छताच्या तुळयांना आधार द्यायचा. प्लॅटफॉर्मच्या पडक्या शेडचे लोखंडी खांब मागे पडून आहेत. मी तपासलेत, चांगले आहेत. ते काँक्रीटच्या पायावर तुळयांखाली उभे करू. मग भिंत वरून खाली, हातानं उतरवायची, धक्का मारून नाही. ज्यांनी धान ओतलं त्यांनीच उतरवावी. उघड्या बाजूला बांबूचे विणलेले ताटवे लावू. नवी भिंत दिवाळीनंतर.

सुट्टी टाकली आहे. काम पुरं होईपर्यंत तिथेच राहीन. माझ्यासाठी वेगळं रांधू नये.

रुचि

पांजरटोला, १३ जुलै

चि. रुचिस मावशीचे अ. उ. आ.

दाखला पोचला, सरपंचांनी फाईलला लावला. रोवणी सुरू झाली, हॉल लेकरांनी भरला. काका रोज सकाळी ताटवे हलवून पाहतात आणि कोणी पाहिलं की बिडी शोधल्यासारखं करतात.

एक सांगायचं आहे. पहिल्या दिवशी शामकला पोरीला कडेवर घेऊनच बांधीकडे निघाली होती. मी तिला तुझा दाखला वाचून दाखवला. तिनं पोरगी कडेवरून उतरवली नाही. मग धुरपतानं सांगितलं, की भिंत उतरली त्या दुपारी तू कोणाला न सांगता हॉलमध्ये चटई टाकून खांबांवर टेकवलेल्या त्याच तुळयांखाली झोपली होतीस. शामकलानं विचारलं, खरंच झोपली होती की नुसती पडली होती. धुरपता म्हणाली, घोरत होती.

तेव्हा तिनं पोरगी माझ्या हातात दिली आणि मागं न पाहता रोवणीला गेली.

घोरण्याचं तुझ्या आईला कळवलेलं नाही. माया अशीच असू दे.

तुझी मावशी
सुशिला