आबांच्या जेवणाबाबत अक्कास खुलासा

लातूर, १२ मे १९८६

तीर्थस्वरूप अक्कास,

धाकट्या मारोतीचा सविनय जयभीम. दाजींचा गुडघा आता बरा असेल. हदगावच्या तुमच्या आडाला अजून पाणी आहे असं ऐकतो, म्हणजे तुझा आवाजही ठणठणीत असणार. इकडे आम्ही सगळे बरे आहोत, टँकर आला तर आंघोळही करतो.

तुझं कार्ड परवा मिळालं. ‘आबा वाळले असं कानावर आलं तर तुझं काही ऐकणार नाही, उचलून हदगावला आणीन’ हे तू उघड्या कार्डावर लिहिलंस, त्यामुळे ते कचेरीतल्या शिपायापासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळ्यांनी माझ्याआधी वाचलं. (जिल्हा नवा असला तरी कचेरीच्या सवयी जुन्याच आहेत. पुढच्या वेळी बंद पत्र पाठव.) तेव्हा रीतसर खुलासा करतो.

आबा जेवत नव्हते, हे कबूल. फाल्गुनात उमरीची विहीर आटली आणि मी त्यांना इथं क्वार्टरमध्ये आणलं, तेव्हापासून ताटात अर्धी भाकरी तशीच राहायची. विमलनं सुनेनं करावं ते सगळं केलं. आबा आपले ‘पोट भरलं, बाई’ म्हणून हात धुवायचे. एकदाच मला बाजूला घेऊन म्हणाले, “ष्टोला धूर न्हाई, मारोती. मग अन्नाला वास कशाचा येनार?” ते विमलनं ऐकलं आणि आठवडाभर माझ्याही जेवणाचे हाल झाले. मग मी मागच्या अंगणात तीन विटा मांडून चूल पेटवली. शेजाऱ्यांना वाटलं क्वार्टरला आग लागली. अक्का, ज्या गावात माणसं तांब्याभर पाण्यासाठी भांडतात, तिथं त्या भल्या लोकांनी दोन बादल्या पाणी माझ्या चुलीवर ओतलं. चूल आहे हे कळल्यापासून ते माझ्याशी बोलत नाहीत.

शेवटी वाट दाखवली ती आमच्या कचेरीतल्या रेणुकादासनं. हा गृहस्थ जन्मात मटणाच्या वाटेला गेलेला नाही, पण शिरूर अनंतपाळच्या फाट्यावर नरसिंग आणि नागुबाई या नवराबायकोची भट्टी आहे, सकाळी तारेवर मटण टांगतात, दुपारपर्यंत धुरावर ठेवतात आणि मग निखाऱ्यावर भाजतात, हे त्याला बसच्या खिडकीतून पाठ झालेलं. (वास आला की तो नाकाला रुमाल लावतो म्हणे, पण फाटा गेल्यावर.) त्यानंच सांगितलं की दुष्काळामुळे तिथं सध्या एक नियम आहे, येणाऱ्यानं घागरभर पाणी आणायचं, तरच ताट. मग पंधरा दिवसांपूर्वी रविवारी घागर मांडीवर घेऊन मी, शेजारी आबा, असे एसटीत बसलो. पुढच्या बाकावर एक पांढऱ्याशुभ्र धोतरातले गृहस्थ मुलगी बघायला निघाले होते. त्यांचं पुढं जमलं की नाही कोण जाणे, पण अर्धी घागर त्यांच्या धोतरात गेली.

नागुबाईनं घागरीत डोकावून पाहिलं आणि म्हणाली, “अर्ध्या घागरीला येकच ताट भेटंल.” मी म्हटलं, यांना द्या. पण आबा बसतात कुठं! ते सरळ भट्टीपाशी गेले, नाक वर करून हुंगलं आणि आतलं एक लाकूड हातानं ओढून बाहेर फेकलं. “वलं लिंबाचं हाय. समदं कडू हुईल. वाळली बाभळ न्हाई का?” नागुबाई कमरेला पदर खोचून आली, “आजोबा, भट्टी माझी हाय, गुमान बसा.” नरसिंग मात्र म्हणाला, हाव, मलाबी कालपासून कडू लागून राहिलंय. त्यावर नवराबायकोचं जे जुंपलं, त्याचा फायदा घेऊन आबांनी निखारे सारखे केले, वर राख भुरभुरली आणि उकिडवे बसले ते दुपारी चारपर्यंत.

अक्का, तुला आठवतं? उमरीत कुणाचंही लग्न असलं तरी जाळापाशी आपले आबाच. पहिला तुकडा गुपचूप तुझ्या हातावर, दुसरा माझ्या, आणि आई मुद्दाम तोंड फिरवून उभी. पावसाळ्यात आपल्या चुलीवरच्या तारेला टांगलेल्या मटणाच्या पट्ट्या, आणि शाळेत आपल्या दोघांच्या कपड्यांना येणारा तो वास. तेव्हा त्या वासाची मला लाज वाटायची. त्या दिवशी तोच वास आला आणि आईची फार आठवण झाली. मी नाक पुसत खात होतो. (नियम मोडून मलाही ताट मिळालं.) नागुबाईला वाटलं तिखट लागलं, तिनं गुळाचा खडा पुढे केला. आबांनी चार भाकरी खाल्ल्या, मी मोजल्या.

तेव्हा आबा आता पोटभर जेवतात, चिंता नसावी. दाजींना जयभीम, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
मारोती

ता. क. वर लिहिलं ते खरं आहे, फक्त आबा कुठं जेवतात ते लिहायचं राहिलं. त्या दिवशी परतीच्या गाडीत मी एकटाच होतो. ‘उद्या या दोघांच्या हातून बिघडंल’ म्हणून ते एक दिवस राहिले, त्याला आता पंधरा दिवस झाले. चिंचेखाली त्यांची बाज आहे. नागुबाई रोज भांडते आणि आधी त्यांना वाढते.

पुन्हा ता. क. विनंती ही की तू येत्या रविवारी ये, पण त्यांना न्यायला येऊ नकोस. मी ‘घरी चला’ म्हटलं तर माझं मन राखायला ते निमूट येतील आणि ताटात पुन्हा अर्धी भाकरी ठेवतील. त्यांना ‘इथंच राहा’ असं कुणीतरी सांगायला हवं, म्हणजे त्यांचा जीव मोकळा होईल. पण लेकानं बापाला असं कोणत्या तोंडानं म्हणायचं? तू थोरली आहेस, तू सांग. मी सांगायला दोनदा गेलो, आणि दोन्ही वेळा जेवून परत आलो.